मूळ गाण्याच्या तोडीस तोड किंवा त्याहून सरस ठरलेली, पुन्हा गायलेली गाणी

पारलेकर (धागाकर्ता)

गीतरामायण म्हटलं की कानात बाबूजींचाच, म्हणजे सुधीर फडक्यांचाच, आवाज येतो. पण १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा ते एकट्या बाबूजींचं नव्हतं. गदिमांची ५६ गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर चालली. चाली बाबूजींच्याच, पण पात्रागणिक गळा वेगळा: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके आणि इतर अनेक. पुढे बाबूजींनी पेटी पुढ्यात घेऊन सगळी गीतं एकट्याने मंचावर गायला घेतली. ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच आवाजात आल्या. म्हणजे आज घराघरात जे गीतरामायण आहे, ते एका अर्थाने दुसऱ्यांदा गायलेलं आहे.

माझं ठाम मत आहे की हे दुसरं गायन पहिल्याच्या पुढे गेलं, आणि ते केवळ बाबूजी मोठे गायक होते म्हणून नव्हे. पात्रागणिक आवाज असतो तेव्हा ते श्रुतिका असतं. एकच माणूस कौसल्येचं, शूर्पणखेचं, सीतेचं आणि रामाचंही बोलतो तेव्हा ते कथन होतं. लवकुशांनी रामासमोर रामाचीच कथा गावी अशी मुळात या काव्याची मांडणी. त्या मांडणीला एकच निवेदक आवाज हवा होता, तो दुसऱ्या फेरीत मिळाला. 'मज सांग लक्ष्मणा' एक पुरुष गातोय हे ऐकताना जराही खटकत नाही, कारण तो सीता होऊ पाहत नाही, तिची कथा सांगतोय.

ही चर्चा मला नेमकी इथून सुरू करायची आहे. पुन्हा गायलेलं गाणं मूळ गाण्याच्या पुढे कधी जातं? आवाज चांगला असणं पुरेसं नाही. जुन्या गाण्यात जे दडलेलं होतं आणि पहिल्या गायकाला दिसलं नव्हतं किंवा त्याला सांगायचंच नव्हतं, ते दुसऱ्याला दिसलं तर ते गाणं पुढे जातं.

इंग्रजीतली तीन उदाहरणं देतो, कारण तिकडे ही परंपरा उघडपणे चालते.

'रिस्पेक्ट' हे ओटिस रेडिंगचं गाणं, १९६५चं. दिवसभर राबून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. १९६७ साली अरिथा फ्रँकलिनने तेच गाणं घेतलं. बोलणारी आता बाई झाली आणि मागणं होतं त्याची ताकीद झाली. त्या शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणायची जागा, जी आज सगळ्या जगाला पाठ आहे, ती मूळ गाण्यात नाहीच. ती अरिथाची भर. मागे तिच्या बहिणींचा कोरस आहे, त्यामुळे एकटी बाई बोलत नाही, घरातल्या सगळ्या बायका बोलतात. त्याच वर्षी माँटेरेच्या महोत्सवात खुद्द ओटिसने मंचावरून सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं.

दुसरं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. बॉब डिलनने १९६७ला ते गिटार, माऊथऑर्गन आणि साध्या ठेक्यावर कोरडं, सपाट गायलं. शब्दांत येऊ घातलेलं वादळ आहे, पण वाद्यांत ते नाही. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते वादळ गिटारमध्ये आणलं. पुढे डिलन स्वतःच हे गाणं मंचावर हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. मूळ कवीनेच दुसऱ्याचं वळण उचलावं, यापरती पावती कुठली?

आणि तिसरं 'हर्ट'. ट्रेंट रेझ्नरने लिहिलं १९९४ साली, तिशीच्या आत, व्यसन आणि स्वतःबद्दलची घृणा यांतून. २००२ साली जॉनी कॅशने सत्तरीत गायलं. शब्द जवळजवळ तेच. मुकुटाबद्दलच्या ओळीत एक शिवराळ शब्द होता, त्या जागी कॅशने काटे घातले. एका शब्दाने सगळी ओळ येशूपाशी जाऊन पोचली. तरुणाने 'सगळे शेवटी सोडून जातात' म्हणणं आणि सत्तरीच्या माणसाने म्हणणं यांत फरक पडणारच. त्याच्या चित्रफितीत जून कार्टर मागे उभी राहून नवऱ्याकडे बघते. मे २००३मध्ये ती गेली, सप्टेंबरमध्ये तो. ती फीत बघितल्यावर रेझ्नरने म्हटलं की आता हे गाणं माझं राहिलं नाही.

धाग्यापुरती मर्यादा एवढीच: गाणं उघडपणे पुन्हा गायलेलं असावं. चोरलेल्या चालींचा विषय वेगळा आहे, तो इथे नको. मराठी, हिंदी, इंग्रजी, गझल, नाट्यपद, सगळं चालेल. फक्त 'मला आवडतं' एवढ्यावर थांबू नका, का आवडतं ते लिहा.

गिरगाव_नाका

पारलेकर, गीतरामायणाचं पटलं. पण मराठी माणसाने या विषयात नाट्यसंगीत आधी घ्यायला हवं, कारण तिथे हा प्रश्नच वेगळा होतो.

'मानापमान' घ्या. १९११, खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, किर्लोस्कर मंडळीचा प्रयोग, बालगंधर्वांची भामिनी. नायक धैर्यधर, आणि पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. मग ८ जुलै १९२१ला इथे मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो संयुक्त प्रयोग, त्यात केशवराव भोसले धैर्यधर. आणि त्यानंतर मास्टर दीनानाथ. आज धैर्यधराचं पद कुणी गायला बसलं की तो कुणाच्या वाटेने जातो? दीनानाथांच्या. म्हणजे पहिल्याची छाप पुसून नंतरच्याची छाप हीच 'मूळ' ठरली आहे. या पदांना प्रेक्षकांनी कधी 'मुळाबरहुकूम म्हणा' असं सांगितलंच नाही. उलट नवा नट उभा राहिला की त्याने काय नवं काढलं हे ऐकायला लोक यायचे. वन्स मोअर मिळायचा तो नव्या जागेला.

मग आशाताईंनी वडिलांची पदं गायली: 'युवती मना', 'चंद्रिका ही जणू', 'परवशता पाश दैवे'. ज्यांनी दीनानाथांच्या जुन्या तबकड्या ऐकल्यात त्यांना माहीत आहे, तीन-साडेतीन मिनिटांत तो माणूस किती घाईने, किती धसमुसळ्या तेजाने गातो. तबकडीची लांबीच तेवढी. आशाताईंकडे वेळ जास्त होता आणि मायक्रोफोन चांगला होता. त्यांनी वडिलांची आक्रमकता ठेवली पण शब्द स्वच्छ केले. दीनानाथांच्या तबकडीत मला तान आधी ऐकू येते, पद मागाहून. आशाताईंच्या गाण्यात पद आधी कळतं आणि मग तान अंगावर येते. सरस कोण, असं विचारलंत तर मी दीनानाथच म्हणेन, कारण धोका त्यांनी पत्करला. पण 'परवशता' मात्र मी आशाताईंचं वर ठेवतो.

आणि 'कट्यार काळजात घुसली' तर या धाग्याचंच नाटक आहे. १९६७, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद, आणि नाटकातच त्याला दोन चाली. एक पंडितजींची, एक खाँसाहेबांची. दोन घराण्यांचा झगडाच त्या पदावर चालतो. खाँसाहेबांचं वसंतराव देशपांड्यांनी असं गायलं की पुढे त्या भूमिकेला हात लावायची छाती होईना. मग त्यांचा नातू राहुल देशपांडे याने ती मंचावर केली आणि २०१५च्या चित्रपटातही गायला. राहुल आजोबांची नक्कल करत नाही. वसंतराव अंगावर धावून येतात, राहुल समजावून सांगतो. चित्रपटाच्या पडद्यावर, जवळून दिसणाऱ्या चेहऱ्याला, तेच शोभलं. मला विचाराल तर थिएटरात वसंतराव, पडद्यावर राहुल.

चेंबूरकरीण

सुंदर धागा. गिरगाव_नाका, 'परवशता'बद्दल +१.

पण पारलेकर, 'हर्ट'च्या बाबतीत मी तुमच्या विरुद्ध आहे. कॅशचं गाणं ऐकताना आपण गाणं कमी आणि म्हातारा माणूस जास्त ऐकतो. त्याचं वय, आजारपण, पुढे झालेले दोन मृत्यू, हे सगळं आपण बाहेरून आणून गाण्यावर ठेवतो. रेझ्नरच्या मूळ ध्वनिमुद्रणात आवाज कुजबुजण्याइतका खाली आहे आणि शेवटी यंत्रांचा गोंगाट अचानक सगळं गिळून टाकतो. त्या गोंगाटातच त्या गाण्याचा अर्थ आहे. कॅशकडे शेवटी पियानोचा एकच सूर ठोकत राहतो आणि मग शांत होतं. दिलासा मिळतो. मूळ गाण्यात दिलासा नाही, आणि तो नसणं हाच त्याचा प्रामाणिकपणा होता.

त्याच कारणाने मला 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' डॉली पार्टनचंच जास्त आवडतं. १९७४चं. पोर्टर वॅगनरच्या कार्यक्रमातून बाहेर पडताना तिने त्याच्यासाठी लिहिलं. निरोप द्यायचा आहे पण भांडायचं नाही, इतकं साधं. व्हिटनी ह्यूस्टनने १९९२ला ते आभाळाएवढं केलं. सुरुवातीला वाद्यांशिवाय नुसता गळा, ही कल्पना केव्हिन कॉस्टनरची होती आणि ती फार मोलाची ठरली. अमेरिकेत चौदा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. गळा म्हणून व्हिटनीची बरोबरी कुणी करूच शकत नाही. पण निरोप घेणारी बाई इतक्या ताकदीने गाते तेव्हा ती जातेय यावर माझा विश्वास बसत नाही. डॉली खरंच निघून जाते.

माझा मुद्दा इतकाच की नवं गायन मोठं असू शकतं, गाजलेलं असू शकतं, आणि तरीही मूळ गाण्यातली एखादी नाजूक गोष्ट त्याने मारलेली असू शकते.

काळाचौकी_बेंजो

इथे सगळे गळ्याबद्दल बोलताय. मी बेंजो वाजवतो, लालबाग-परळ पट्ट्यात, गणपतीत आणि हळदीला. आमचं सगळं आयुष्यच पुन्हा वाजवलेल्या गाण्यांवर. म्हणून चार गोष्टी लिहितो.

आमचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंगच, वर बटणं, खाली तारा, पिकअप लावून अँपमध्ये घातलेला. त्याची अडचण अशी की तार छेडली की सूर लगेच विरतो. गायक एक सूर दहा सेकंद धरू शकतो, आम्ही नाही. मग लांब सूर धरायचा तर एकाच बटणावर भराभर पट्टी मारत राहायचं. त्यामुळे कुठलंही संथ गाणं आमच्याकडे आलं की त्याच्या आत आपोआप एक थरथर येते. काही गाणी त्यात मरतात, काही उठून उभी राहतात.

'मी डोलकर दर्याचा राजा' बघा. लतादीदी आणि हेमंतकुमार, शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. गाण्यात सगळी झोका घेणारी लय आहे. बेंजोवर ती थरथर आली की लाट नुसती हलत नाही, फुटते. वर ढोल-ताशा, कच्छी बाजा. चिंचपोकळीच्या पुलाखाली मिरवणूक अडकलेली असते आणि हे गाणं लागलं की पुढचे-मागचे सगळे हात वर जातात. मूळ गाणं घरात बसून ऐकायचं, ते मोठंच आहे. पण रस्त्यावर हजार माणसांसाठी ते पुन्हा वाजतं तेव्हा बेंजोचं रूप त्याच्या बरोबरीला येतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

शब्द नसतात म्हणून चालीची परीक्षा होते. शब्दांवर उभं असलेलं गाणं आमच्याकडे पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही. गझला आम्ही घेतच नाही. ज्याची चाल एका सप्तकात बसते, ज्याचा मुखडा माणूस शब्दांशिवायही गुणगुणू शकतो, ती गाणी वर्षानुवर्षं चालतात. कोळीगीतं अजून हटत नाहीत ती यामुळे.

मुलुंड_पूर्व

काळाचौकी_बेंजो, जबरदस्त प्रतिसाद! तार विरण्याचा मुद्दा इतक्या वर्षांत कधी डोक्यात आला नव्हता.

मी दोन उदाहरणं घालते.

'आज जाने की ज़िद ना करो'. आज हे गाणं म्हणजे फरीदा ख़ानुम. पण शायर फ़ैयाज़ हाशमी आणि संगीतकार सोहेल राणा यांनी ते केलं पाकिस्तानी चित्रपट 'बादल और बिजली'साठी, १९७३ला, आणि तिथे गायले हबीब वली मोहम्मद. ते शांत, सभ्य गातात. विनंती करणारा पुरुष. फरीदा ख़ानुमनी त्याच शब्दांत वेळ थांबवला. 'ज़िद'वर, 'वक़्त'वर त्या जितकं रेंगाळतात तितकं चालीत लिहिलेलंच नाही. गाणं सांगतं 'थांब', आणि त्या स्वतःच ठेक्याच्या मागे थांबतात. पुढे आशाताईंनी गायलं, २०१६च्या 'ऐ दिल है मुश्किल'मध्ये शिल्पा रावने गायलं, घराघरात मैफिलींत मुली गातात. सगळ्यांची वाट ख़ानुमांकडून जाते, हबीब साहेबांकडून नाही.

दुसरं म्हणजे स्वतःचंच गाणं पुन्हा गाणं. आशाताईंनी २००५ साली क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन चौकडीबरोबर पंचमची, म्हणजे आर. डी. बर्मनची, गाणी पुन्हा केली, साथीला झाकीर हुसेन. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, आणि सत्तरी ओलांडलेला आवाज. 'चुरा लिया है' १९७३ला झीनत अमानसाठी गायलं होतं. इथे ते पुन्हा गाताना त्या विशीतली मुलगी व्हायचा प्रयत्नच करत नाहीत. गळ्याला आलेला किंचित खरखरीतपणा लपवलेला नाही. मूळ गाणं मागे पडतं असं मी म्हणणार नाही. पंचमचा तो वाद्यमेळ परत होणे नाही. पण दोन्ही ऐकल्यावर गाणं मोठं झाल्यासारखं वाटतं.

सांताक्रूझ_वकील

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे चांगली पुनर्गायनं का कमी झाली याचं थोडं उत्तर तिथे आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षं झाली, की सूचना देऊन आणि मानधन भरून कुणीही त्याच गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण करू शकायचं. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि टी-सीरिजने या वाटेवर मोठा धंदा उभा केला. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवालांच्या आवाजात, रफींची सोनू निगमच्या आवाजात. अनेकांना ती नक्कल वाटली, आणि बरीचशी ती होतीच. पण त्यातून नवे गळे तयार झाले हे नाकारता येत नाही. सोनू निगमचं रफींवरचं प्रेम तिथे पक्कं झालं आणि पुढे तो स्वतःचा गायक झाला.

२०१२च्या दुरुस्तीने ही सोय कलम ३१-सीमध्ये गेली. दोनऐवजी पाच वर्षं थांबायचं. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र नको. किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असेल तेवढं सोडून शब्दांत किंवा चालीत बदल करायचा नाही. बदल हवा असेल तर मालकाची संमती हवी.

आता वरची उदाहरणं या चौकटीत ठेवून बघा. अरिथाने सुटी अक्षरं घातली, कॅशने मुकुटाचा शब्द बदलला. या कलमाच्या आधाराने त्यांना ते करता आलं नसतं. म्हणजे कायदा आपसूक परवानगी देतो ती हुबेहूब गाणाऱ्याला. जो काही नवं सांगू पाहतो त्याने मालकाच्या दारात जायचं, आणि चित्रपटगीतांचा मालक बहुतेक वेळा संगीतकंपनी असते. ती कंपनी जुन्या गाण्यात बदल करायला सहज कुणाला तयार असेल? स्वतःच्या पुढच्या चित्रपटाला. म्हणून घरी खोलीत बसून गाणाऱ्या गुणी मुलीची ध्वनिफीत इंटरनेटवरून उतरते आणि त्याच गाण्याचा ठोका वाढवलेला अवतार चित्रपटात मिरवतो. मला हे अन्यायाचं वाटतं. निदान मानधन भरून अर्थपूर्ण बदल करण्याची वाट मोकळी हवी.

पारलेकर

वकीलसाहेब, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा. मनापासून आभार.

चित्रपटांतल्या नव्या अवतारांबद्दल माझी तक्रार ठोका वाढवल्याची नाही. 'कांटा लगा' १९७२च्या 'समाधी'तलं, २००२ला त्याचं रिमिक्स आलं आणि लोक नाचले, त्यात वाईट काही नाही. तक्रार ही की गाणं निवडणाऱ्याला त्या गाण्याबद्दल काही म्हणायचं नसतं. मुखडा ओळखीचा म्हणून घ्यायचा आणि अंतरे टाकून द्यायचे. अंतरा टाकला की गाण्यातला विचारच गेला.

अजय-अतुलची दोन उदाहरणं इथे फार शिकवणारी आहेत, कारण संगीतकार तेच. 'कोंबडी पळाली', 'जत्रा', २००६, जितेंद्र जोशीचे शब्द, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. २०१२ला 'अग्निपथ'मध्ये तिची 'चिकनी चमेली' झाली, श्रेया घोषालने गायली. श्रेयाने आपला गोड गळा बाजूला ठेवून जो खणखणीत आवाज काढला त्याला सलाम. तयारीच्या दृष्टीने हिंदी गाणं सरस आहे. पण आनंद शिंदेंच्या आवाजात गावच्या जत्रेतली जी धूळ आहे ती तिथे नाही.

आणि 'सैराट'. 'याड लागलं' मराठीत अजयनेच गायलं, 'धडक'मध्ये 'पहली बार' म्हणूनही त्यानेच. चाल तीच, गळा तोच, मोठा वाद्यवृंद दोन्हीकडे. फक्त शब्द बदलले, आणि गाणं जमिनीवरून दोन बोटं वर उचललं गेलं. 'याड' लागणारा मुलगा करमाळ्याच्या रानातला आहे. हिंदीतला मुलगा कुठलाही आहे. या जोडीत मूळ गाण्याला हात लावता येत नाही.

दादर_ऑर्केस्ट्रा

मी शिवाजी मंदिरपासून गडकरीपर्यंत वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात गायले आहे, लताबाई आणि आशाबाईंची गाणी. तुमच्या चर्चेत एक बाजू राहते आहे, ती ऐकणाऱ्यांची.

ऑर्केस्ट्रात आम्हाला गाणं बदलायची मुभाच नसते. मुखड्याआधीचा म्युझिक पीस जसाच्या तसा वाजला नाही तर पहिल्या रांगेतले काका तोंड वाकडं करतात. अंतऱ्यात मी एखादी हरकत स्वतःची घेतली तर मध्यंतरात कुणीतरी येऊन सांगतं, 'ताई, तिथे चुकलात'. लोकांना गाणं नको असतं, त्यांची आठवण हुबेहूब परत हवी असते. त्यात गैर काही नाही, पण तिथे मूळ गाण्याच्या पुढे जाणारं काही जन्माला येणार नाही.

दुसरी अडचण पट्टीची. लताबाईंची पन्नास-साठच्या दशकातली गाणी इतकी वर आहेत की बहुतेक बायकांना ती खाली आणावी लागतात. वादक जिवंत असतील तर एक-दीड स्वर उतरवून घेता येतं आणि गाणं आपलं होऊ शकतं. हल्ली सगळं ट्रॅकवर चाललंय. ट्रॅकची पट्टी बदलता येते, पण लय आणि थांबे बदलता येत नाहीत. फरीदा ख़ानुम जशा ठेक्याच्या मागे थांबतात तसं ट्रॅकवर थांबलात तर ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, पुढे निघून जातो. उपनगरांत इतके कराओके क्लब झालेत, हौशी माणसं जीव तोडून सराव करतात, याचा मला खूप आनंद आहे. पण ज्याला गाण्यात आपलं काही म्हणायचंय त्याने एक तबलजी आणि एक पेटीवाला घेऊन बसावं. नुसत्या दोन साथीदारांवर 'लग जा गले' गाऊन बघा. गाणं किती मोकळं होतं ते कळेल.

अंधेरी_लोकल

वाचतोय. दादर_ऑर्केस्ट्रा, फार महत्त्वाचं लिहिलंत.

एक भर: कधीकधी मूळ आणि शिखर यांच्यामध्ये तिसरा माणूस असतो. 'हॅलेलुया' लेनर्ड कोहेनचं, १९८४चं. तो अल्बम त्याच्या अमेरिकन कंपनीने तेव्हा अमेरिकेत काढायलाच नकार दिला. १९९१ला जॉन केलने कोहेनकडून फॅक्सवर पानंच्या पानं कडवी मागवली, त्यातली निवडली आणि नुसत्या पियानोवर गायलं. १९९४ला जेफ बकलीने गायलं ते कोहेनचं नव्हे, केलचं ऐकून. आज बहुतेकांना बकलीचं माहीत आहे. पण कुठली कडवी ठेवायची हा निर्णय केलचा होता, आणि माझ्या मते त्या गाण्याचं नशीब त्या निर्णयाने बदललं. पुन्हा गाणाऱ्याचं काम गळ्याआधी संपादकाचं असतं.

गिरगाव_नाका

अंधेरी_लोकल, संपादकाचा मुद्दा पटला. आपल्याकडे ठुमरीत हेच होतं. 'फूल गेंदवा न मारो' रसूलनबाईंची भैरवी. १९६४च्या 'दूज का चाँद'मध्ये रोशनने ती मन्ना डेंकडून गाऊन घेतली. पडद्यावर आगाचा विनोदी प्रसंग आहे, पण मन्नादांनी एकही सूर थट्टेवारी नेलेला नाही. रसूलनबाई एकच ओळ घेऊन तिच्याभोवती फिरत राहतात, मन्नादांना चित्रपटाच्या मापात बसवायचं होतं म्हणून त्यांनी ती फिरत छोट्या छोट्या तानांत आवळली. चेंबूरकरीण म्हणतात तशी नाजूक गोष्ट मारली गेली का? माझ्या कानाला नाही. उलट एका कोठीवरच्या गाण्याला तिकीटबारीवरच्या माणसापर्यंत पोचवलं, आणि भैरवी शाबूत ठेवून.

चेंबूरकरीण, तुम्ही दोन्ही एकापाठोपाठ ऐका, आधी रसूलनबाई, आणि इथे येऊन लिहा. तुमचं मत वेगळं पडलं तर मला ते सविस्तर वाचायचं आहे.